क्वेकर हायस्कूल: एपी नाही, फिजिक्स वर्षाआड. मुलीला घालावं का?

वाटाण्याची_उसळ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. लेक आठवीत आहे, सप्टेंबरपासून नववी, म्हणजे हायस्कूल. आमच्या भागातलं पब्लिक हायस्कूल चांगलं आहे, दोन हजारांवर मुलं आहेत, नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण लेक वर्षभरात मिटत गेली आहे. उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. तिची पोहण्याच्या क्लासातली मैत्रीण एका क्वेकर (ख्रिश्चनांमधला एक शांततावादी पंथ) शाळेत जाते. तिच्यासोबत ही एक दिवस ती शाळा बघून आली आणि रात्री जेवताना ताटातलं गार होईपर्यंत बोलत बसली. तेव्हापासून 'मला तिथेच जायचंय' एवढंच चालू आहे.

शाळा अगदी लहान. नववी ते बारावी मिळून शंभरच्या आत मुलं. अभ्यासक्रमाची पुस्तिका आणलीय. इंग्रजी चारही वर्षं, इतिहास तीन, गणित तीन सक्तीचं आणि चौथ्या वर्षाची 'शिफारस', विज्ञान तीन, स्पॅनिश किमान दोन, कला दरवर्षी. नववीत 'क्वेकरिझम' नावाचा अर्ध्या वर्षाचा विषय, दहावीत 'शांतता आणि संघर्ष'. समाजसेवेचे तास वेगळे. बारावीच्या शेवटी प्रत्येकाने स्वतःचा एक मोठा प्रकल्प करून सगळ्या शाळेसमोर मांडायचा. एपीचा (हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास आणि परीक्षा) एकही वर्ग नाही. फिजिक्स एका वर्षाआड. प्रगतीपुस्तकात ग्रेडसोबत प्रत्येक विषयाच्या शिक्षकाचा परिच्छेदभर अभिप्राय असतो. शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात (मला हे अजून पचलेलं नाही). आणि दर बुधवारी चाळीस मिनिटं सगळी शाळा एका खोलीत गप्प बसते. त्याला मीटिंग फॉर वर्शिप म्हणतात. पाद्री नाही, प्रार्थना नाही, गाणं नाही. कुणाला आतून वाटलं तर उठून बोलायचं.

नवऱ्याचा मुद्दा एकच: एपी नाही म्हणजे कॉलेजला दाखवायचं काय? सासूबाईंना कोल्हापूरला फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "गप्प बसायला एवढे पैसे? इकडं पाठव, मी फुकट बसवते."

कुणाची मुलं अशा शाळेत शिकली आहेत का? गणित-विज्ञानात मागे पडतात का? लेकीला सध्या तरी गणित आवडतं, ते तिथे जाऊन वाळून जाऊ नये. आणि धर्माचं काय? आम्ही फार कर्मठ नाही, पण घरात देव आहेत.

एडिसनचा_वड

स्पष्ट लिहितो, राग नसावा. माझी दोन्ही मुलं पब्लिक स्कूलमधून गेली. मोठ्याने एपीच्या परीक्षा देऊन स्टेट युनिव्हर्सिटीत इतकी क्रेडिट्स आधीच मिळवली की पदवी लवकर संपली, फी वाचली. हा हिशोब कुठल्याही पुस्तिकेत छापत नाहीत. शंभर मुलांच्या शाळेत ऑर्केस्ट्रा कुठला, रोबोटिक्सची टीम कुठली? मुलगी बुजरी असेल तर डिबेटला घाला, दोन महिन्यांत बोलायला लागेल.

'शांतता आणि संघर्ष' हा विषय आमच्या घरी रोज संध्याकाळी मोफत शिकवला जातो. प्रात्यक्षिकासह.

रेघोट्या

उसळताई, मी अशाच एका लहान क्वेकर शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं वाकडंही लिहिणार आहे. मी क्वेकर नाही. माहेर वर्ध्याचं, घरी गणपती बसतो आणि त्यावरून मला तिथे कुणी कधी काही विचारलं नाही, विचारलं ते फक्त मोदकांबद्दल. इथल्या बहुतेक क्वेकर शाळांत क्वेकर घरची मुलं थोडीच असतात. ज्यू, कॅथलिक, मुसलमान, काहीच न मानणारे, सगळे असतात. या पंथातल्या शांत बसणाऱ्या शाखेत म्हणायला लावतील असं ठरीव श्रद्धावचनच नाही, त्यामुळे मुलीकडून कुणी काही वदवून घेणार नाही. देवांची काळजी सोडा. काळजी वेळापत्रकाची करा.

पुस्तिका बाजूला ठेवा आणि शाळेकडून या वर्षीचं आणि गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागून घ्या. पुस्तिकेत शाळेला जे जे शिकवायला आवडेल ते सगळं असतं. वेळापत्रकात जे शिकवायला माणूस मिळाला तेवढंच असतं. लहान शाळेत हा फरक मोठा असतो. आमच्याकडे खगोलशास्त्राचा एक सुंदर वैकल्पिक विषय पुस्तिकेत वर्षानुवर्षं छापला जायचा. तो शिकवणारे गृहस्थ केव्हाच व्हरमाँटला राहायला गेले होते.

आधी गणित, कारण लहान शाळा तिथे उघडी पडते. लेक आठवीत अल्जिब्रा वन करतेय असं धरते. मग नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. कागदावर प्रत्येक शाळा हे दाखवते. तुम्ही विचारा: या वर्षी कॅल्क्युलसला किती मुलं बसली आहेत आणि शिकवतं कोण? आकडा दोन किंवा तीन आला तर घाबरू नका, माझ्या सगळ्यात चांगल्या वर्गांत तेवढीच मुलं होती. एकच मूल असेल तर काय करता, हेही विचारा. 'शिक्षक मोकळ्या तासाला शिकवतात', 'कम्युनिटी कॉलेजात पाठवतो', 'ऑनलाइन वर्ग देतो', यातलं कुठलंही उत्तर चालेल, पहिलं सगळ्यात बरं. 'त्या वर्षी आम्ही स्टॅटिस्टिक्स सुचवतो' असं उत्तर आलं तर समजा की गणित आवडणाऱ्या मुलीसाठी ही शाळा दहावीपर्यंतच आहे. आणि 'चौथ्या वर्षाची शिफारस' वगैरे विसरा, तुमच्या लेकीने चारही वर्षं गणित घ्यायचं. चांगली कॉलेजं तेच बघतात.

फिजिक्स वर्षाआड असण्यात गैर काही नाही. अकरावी आणि बारावी एकत्र बसतात, एक वर्ष केमिस्ट्री, पुढचं वर्ष फिजिक्स. दोन्ही होतात, आधी कुठलं हे तुमची मुलगी कुठल्या साली जन्मली त्यावर ठरतं. खरी गोची अशी की फिजिक्सच्या वर्गात एकीचं कॅल्क्युलस चालू असतं आणि शेजारच्याचं अल्जिब्रा टू अजून संपलेलं नसतं. मग शिक्षक सगळ्यांना झेपेल असं शिकवतो. संकल्पना पक्क्या होतात, पण गणिताची धार येत नाही, आणि इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलांना पहिलं सेमिस्टर जड जातं. हे मी आमच्याच मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. प्रयोगशाळा बघायला मागा. फ्यूम हूड (प्रयोगातल्या वाफा ओढून घेणारं कपाट) चालतंय का, की त्याच्या आत नाटकाचं सामान रचून ठेवलंय? (हसू नका.)

तरीही विज्ञानाच्या बाबतीत क्वेकरांना हलक्यात घेऊ नका. पल्सार (ठराविक लयीत स्पंदनं पाठवणारे तारे) शोधणाऱ्या जोसेलिन बेल बर्नेल यॉर्कच्या 'द माउंट' या क्वेकर मुलींच्या शाळेत शिकल्या, आणि तिथल्या फिजिक्सच्या शिक्षकांचं ऋण त्या आजवर मानत आल्या आहेत. 1993 चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले जोसेफ टेलर न्यू जर्सीतल्या मूरस्टाउन फ्रेंड्स स्कूलचे (क्वेकर स्वतःला 'फ्रेंड्स' म्हणवतात), तेही पल्सारचेच. त्याहून जुना जॉन डाल्टन, अणूवाला, स्वतः क्वेकर आणि केंडलच्या क्वेकर शाळेत मास्तर होता. अशा शाळेत सगळं एका शिक्षकावर चालतं. तो असला तर सोनं, तो गेला तर त्या विषयाचं वर्ष गेलं. म्हणून तिसरा प्रश्न: गणित आणि विज्ञानाचे शिक्षक इथे किती वर्षांपासून आहेत? आमच्याकडे पगार आजूबाजूच्या पब्लिक शाळांपेक्षा कमी होते. तरुण शिक्षक उत्साहाने यायचे, लग्न झालं, घराचं कर्ज डोक्यावर आलं की निघून जायचे. एका वर्षी केमिस्ट्रीला तीन शिक्षक झाले. मुलांनी मोल ही संकल्पना तीनदा शिकली आणि त्यापुढचं काहीच नाही. पालकांना जे पत्र गेलं त्यात 'संक्रमणाचा काळ' असा शब्द होता. मला अजूनही चीड येते त्याची.

आता जे तिथे मिळतं आणि दोन हजारांच्या शाळेत मिळणं कठीण, त्याबद्दल.

इतिहास आणि इंग्रजी. इथे या शाळा खरंच भारी असतात. पाठ्यपुस्तक कमी, मूळ कागदपत्रं जास्त. आमच्याकडे नववीतली मुलं अठराव्या शतकातल्या जॉन वुलमनची रोजनिशी वाचायची. हा शिंपीकाम करणारा माणूस गावोगाव फिरून आपल्याच पंथातल्या लोकांच्या घरी बसून, गुलाम सोडून द्या म्हणून त्यांना हळू आवाजात सांगत राहिला. 1776 मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांनी गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वच नाकारलं. म्हणजे त्याआधी जवळपास शंभर वर्षं त्यांच्यातले कित्येक जण गुलाम बाळगून होते. चांगला शिक्षक ही दुसरी बाजूही त्याच तासाला फळ्यावर लिहितो. अध्यक्ष ग्रँटच्या काळात, 1869 नंतर, नेटिव्ह अमेरिकन लोकांच्या एजन्सी क्वेकरांकडे दिल्या गेल्या, आणि त्यांनीही मुलांना घरापासून तोडणाऱ्या बोर्डिंग शाळा चालवल्या. तुमच्या पुस्तिकेतल्या 'क्वेकरिझम' विषयात हे आहे का बघा. गुलामांना पळून जायला केलेली मदत आणि 1947 चं शांततेचं नोबेल एवढंच शिकवत असतील तर तो विषय नाही, जाहिरात आहे.

माझ्या जॉमेट्रीच्या वर्गाचं सांगते. क्वेकरांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसतं. सभेचा एक क्लार्क असतो. सगळ्यांचं ऐकून सभेचा कल काय दिसतो ते तो लिहून वाचून दाखवतो, आणि लोकांना पटलं तरच ती नोंद पक्की होते. एखाद्याला पटलेलं नसेल पण आडवं यायचं नसेल, तर तो तसं सांगून बाजूला उभा राहतो. मी हे सिद्धतांसाठी वापरायला लागले. फळ्यावर सिद्धता, वर्गातलं एक मूल क्लार्क, आणि सगळ्यांना पटल्याशिवाय खाली चौकोन (सिद्धता पूर्ण झाल्याची खूण) काढायचा नाही. समद्विभुज त्रिकोणाचे पायाचे कोन समान असतात, हे एवढंसं प्रमेय. सात जणांना पटलं. आठवा मुलगा म्हणाला, "तुम्ही शिरोबिंदूतून रेघ काढली, ती पायाच्या मधोमधही जाते आणि कोनही दुभागते, हे दोन्ही तुम्ही एकदमच धरून चालला आहात." बरोबर होतं त्याचं! दोन्हींपैकी एकच धरून दुसरं सिद्ध करायला पाहिजे होतं. सात विरुद्ध एक असं मत घेतलं असतं तर चुकीची सिद्धता बहुमताने मंजूर झाली असती. तो तास तसाच संपला, चौकोन दुसऱ्या दिवशी काढला. आता असं शिकवलं तर पुस्तक संपतं का? नाही संपत. शेवटची दोन प्रकरणं दरवर्षी पळवावी लागायची. हा सौदा आहे, आणि तो तुम्हाला मान्य आहे का हे तुम्ही ठरवायचं.

आणखी एक. पेनसिल्व्हेनिया वसवणारा क्वेकर विल्यम पेन 1682 मध्ये अमेरिकेला निघाला तेव्हा त्याने बायकोला पत्रात लिहिलं होतं की मुलांना गणितातला उपयोगाचा भाग शिकव, घरं आणि जहाजं बांधणं, जमिनीची मोजणी, नौकानयन, आणि शेतीवर त्याचा खास जोर होता. ते पत्र वाचून मी दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीसाठी शाळेमागच्या उताराच्या शेतात न्यायला लागले. जुन्या मोजणीदारांची साखळी 66 फुटांची, तशी दोरी आम्ही करून घेतली. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. एका मुलीने विचारलं, तुमच्या देशात शेत कशात मोजतात? मी म्हटलं, गुंठ्यात. 33 फूट गुणिले 33 फूट. म्हणजे अर्धी साखळी गुणिले अर्धी साखळी, चाळीस गुंठ्यांचा एकर. वडिलांच्या सातबाऱ्यावरचा गुंठा आणि पेनच्या मोजणीदारांची साखळी एकाच मापाची निघाली, कारण दोन्हींमागे इंग्रजच. त्या मुलीने बारावीचा प्रकल्प जमीनमोजणीच्या इतिहासावर केला. कुणाची जमीन कुणी मोजली आणि मोजून कुणाच्या नावावर लावली, इथपर्यंत गेली ती. एपीच्या वेळापत्रकात मला ती दुपार मिळाली नसती.

वडसाहेबांचा पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. एपीचे चांगले गुण असले तर बऱ्याच स्टेट युनिव्हर्सिटी क्रेडिट देतात, आणि एपी नसलेल्या शाळेतून ती बचत हातची जाते. त्यावर उपाय म्हणजे एपीची परीक्षा द्यायला एपीचा वर्ग केलेलाच असावा लागतो असं नाही. जवळची एखादी शाळा बाहेरच्या मुलांना बसू देत असेल तर तिथे नाव नोंदवता येतं, मात्र परीक्षा मे महिन्यात असली तरी चौकशी सप्टेंबरातच करायची. आमची दोन-तीन मुलं दरवर्षी कॅल्क्युलसची अशी द्यायची.

'कॉलेजला दाखवायचं काय' ही काळजी त्या मानाने कमी करा. शाळा प्रत्येक अर्जासोबत स्वतःची माहिती पाठवते. आमच्याकडे किती मुलं, कुठले वर्ग, एपी आहे की नाही, सगळं त्यात असतं, आणि शाळेत जे नाहीच ते मुलीने का घेतलं नाही असं कॉलेज विचारत नाही. 2018 मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी मिळून एपीचे वर्ग बंद करायचं जाहीर केलं, त्यात सिडवेल फ्रेंड्स होती, क्लिंटन आणि ओबामांच्या मुलींची शाळा. अर्थात सिडवेलचं नाव सगळ्यांना माहीत आहे, तुमच्या शाळेचं नाही. त्यामुळे गेल्या चार-पाच वर्षांतली मुलं कुठे गेली ती यादी मागा, आणि कोणाकोणाला प्रवेश मिळाला याची नाही, प्रत्यक्ष कुठे गेली याची. सगळ्या क्वेकर शाळा एकसारख्या नसतात हेही लक्षात घ्या. तुमच्याच राज्यात न्यूटाउनची जॉर्ज स्कूल आहे, 1893 ची, तिथे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम) आहे, पण ती मोठी. आयोवात वेस्ट ब्रांचजवळची स्कॅटरगुड 1890 ची, लहानशी, स्वतःच्या शेतीसकट. 1939 ते 43 मध्ये ती शाळा बंद होती तेव्हा तिथे नाझींपासून पळून आलेले युरोपातले निर्वासित राहत होते. ओहायोत बार्न्सव्हिलची ऑल्नी 1837 मध्ये सुरू झालेली. तिथे शेवटच्या वर्षाला एक मोठा निबंध लिहावा लागायचा.

शेवटी मिटलेल्या मुलीबद्दल. लहान शाळा बुजऱ्या मुलांसाठी मऊ असते हा पालकांचा आवडता समज आहे. आठ जणांच्या वर्गात लपायला जागाच नसते. काही मुलं त्यामुळे खुलतात, काहींचा तिसऱ्या आठवड्यापासून पोटदुखीचा दाखला येतो. आणि वीस जणांच्या बॅचमध्ये मैत्रीण रुसली तर दुसरा घोळका मिळत नाही, बारावीपर्यंत तीच वीस तोंडं. एक दिवस बघून आली ते ठीक. अजून एकदा पाठवा, या वेळी त्या मैत्रिणीशिवाय, आणि शक्यतो गणिताची चाचणी असलेल्या दिवशी.

भिंगरी

रेघोट्या, काय लिहिलंय! गुंठ्याचं वाचून लगेच कागदावर गुणाकार करून बघितला.

थोडं अवांतर. क्वेकर आणि विज्ञान शिक्षण म्हटल्यावर मला होशंगाबाद आठवलं. तिथलं रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर क्वेकरांचं. त्यांनी आणि किशोर भारती या संस्थेने मिळून 1972 मध्ये मध्य प्रदेशातल्या सोळा सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली, मग ते सगळ्या जिल्ह्यात गेलं. सहावी ते आठवीची मुलं पुस्तक उघडं ठेवून परीक्षा द्यायची आणि प्रयोगाला वेगळे गुण असायचे. आपले अरविंद गुप्ता पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून 1978 मध्ये तिथेच गेले होते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे ते आकार तिथलेच. सरकारने 2002 मध्ये तो कार्यक्रम बंद केला. कारणांत एक हेही होतं की या मुलांचं पुढच्या स्पर्धेत कसं होणार. म्हणजे उसळताईंच्या यजमानांचाच प्रश्न.

वाटाण्याची_उसळ

रेघोट्या, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. फ्यूम हूडवर तो हसला आणि मग स्वतःच शाळेला मेल लिहिलं, तुमचे सगळे प्रश्न क्रमाने टाकून. उत्तर आलंय. कॅल्क्युलसला या वर्षी तीन मुलं, शिकवणाऱ्या बाई जुन्या, अकरा वर्षं तिथेच. एकच मूल असेल तर त्या मोकळ्या तासाला शिकवतात, तसं पूर्वी झालंही आहे. फिजिक्सचे शिक्षक मात्र याच वर्षी आलेले. मुलं कुठे गेली ती यादी 'भेटीत दाखवू' म्हणाले. फ्यूम हूड चालतंय असं म्हणतात, सामानाबद्दल काही लिहिलं नाही.

अजून दोन शंका. एक, अभिप्राय परिच्छेदात लिहितात, त्यातून मूल नेमकं कुठे आहे ते कळतं का? दोन, लेकीला स्पॅनिशऐवजी मराठीचं क्रेडिट मिळू शकेल का? ती इथल्या मराठी शाळेत लहानपणापासून जाते.

आणि सासूबाईंना काय सांगू?

रेघोट्या

यादी भेटीत दाखवू म्हणाले तर भेटीत मागाच, विसरू नका. त्यांनी आपणहून काढली तर चांगलं लक्षण.

अभिप्रायाचं उत्तर: लिहिणाऱ्यावर आहे. मी रविवारची सगळी दुपार खर्चून लिहायचे आणि तरी शेवटच्या काही मुलांपर्यंत पोचेस्तोवर माझी भाषा गुळगुळीत झालेली असायची. नमुना मागा, नाव झाकून देतात. 'वर्गात आनंदाने सहभागी होते, प्रगतीला वाव आहे' असं असेल तर ते कुठल्याही मुलाला चालेल आणि कुणाच्या कामाचं नाही. 'वर्गसमीकरणात पूर्ण वर्ग करताना चिन्ह चुकवते, पण आलेखावरून उत्तर चुकलंय हे तिचं तिला कळतं' असं काही असेल तर त्या शिक्षकाने मुलीकडे बघितलंय. आमच्याकडे एक देशी वडील यायचे, सगळा परिच्छेद वाचून झाला की विचारायचे, "पण म्हणजे किती?" मला त्यांचा राग नाही यायचा. ग्रेडही देतात ना तुमच्या शाळेत, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोन्ही जुळत नसतील तर फोन करा.

मराठीचं विचारून बघण्यासारखं आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांच्या अभ्यासाला इथल्या काही स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये परदेशी भाषेचं क्रेडिट मिळालेलं आहे. खासगी शाळेला हा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेता येतो आणि लहान शाळेत तो एका बैठकीत होऊ शकतो, हा लहान असण्याचा फायदा. तुमच्या मराठी शाळेकडून अभ्यासक्रम, तासांची नोंद आणि तिच्या परीक्षांचे कागद घेऊन जा. तरी स्पॅनिश अजिबात सोडू नका म्हणेन, दोन वर्षं तरी करू द्या. काही कॉलेजं शाळेत बसून शिकलेली भाषा मागतात.

सासूबाईंना मार्जरी साइक्स यांच्याबद्दल सांगा. यॉर्कशरच्या बाई, 1928 मध्ये मद्रासच्या एका मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, पुढे क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात शिकवलं, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात आमच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीम शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवत होत्या. उत्तरायुष्यात रसूलियाला राहिल्या, भिंगरी म्हणतात तिथेच. वर्ध्याच्या जुन्या लोकांकडून मी लहानपणी त्यांचं नाव ऐकलं होतं, पण क्वेकर म्हणजे काय हे मला पार इथे येऊन कळलं. सूत कातणं, स्वयंपाकघर, शेत आणि सकाळची प्रार्थना हे सगळं वेळापत्रकातच असायचं सेवाग्रामला. सासूबाईंच्या पिढीला ते नवीन वाटणार नाही. फीचं मात्र त्या बरोबर बोलतात. या शाळा आर्थिक मदत बऱ्यापैकी देतात, पण मागितल्याशिवाय नाही आणि मुदत उलटल्यावर तर अजिबात नाही. अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच भरा, 'आपल्याला कुठे मिळणार' म्हणून सोडू नका. उत्पन्न बरं असलेल्या घरांनाही थोडीफार मिळालेली मी पाहिली आहे.

फिजिक्सचे नवे शिक्षक कुठून आले ते विचारलंत का?

एडिसनचा_वड

रेघोट्याबाई, पैशाचा मुद्दा मान्य केल्याबद्दल आभार, असं या संस्थळावर क्वचित घडतं. सात विरुद्ध एकचा किस्सा बायकोला सांगितला. ती म्हणाली आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हाच नियम लावा. लावला तर पार्किंगचा प्रश्न 2040 पर्यंत चालेल.

वाटाण्याची_उसळ

विचारलं. ते आधी एका पब्लिक हायस्कूलमध्ये एपी फिजिक्सच शिकवत होते, कंटाळून इकडे आले म्हणे. नवरा आता त्यांनाच भेटायचं म्हणतोय. पुढच्या गुरुवारी लेक दुसऱ्यांदा जातेय, मैत्रिणीशिवाय. चाचणी आहे की नाही ते शाळेने सांगितलं नाही, पण ती जॉमेट्रीच्या तासाला बसणार आहे. मदतीचा अर्ज आज रात्री भरायला घेते.